सार्वजनिक वाहतुकीचे दीर्घकालीन नियोजन आणि लोकसहभाग : पुण्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

नागरी वाहतुकीच्या प्रत्येक आराखड्यात ‘लोकसहभाग’ हा शब्द आता अपरिहार्यपणे येतो. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांच्या नव्हे, तर माणसांच्या ये-जा करण्याला नियोजनाच्या केंद्रस्थानी मानले. धोरणातील हा माणूस प्रत्यक्ष नियोजनात कोणत्या टप्प्यावर प्रवेश करतो, याची चिकित्सा पुण्याच्या अनुभवाच्या आधारे करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

‘हरकती व सूचना’ यांची चौकट

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करून त्यावर हरकती व सूचना मागवणे बंधनकारक आहे. ही तरतूद मोलाची आहे, हे मान्यच करावे लागेल. तथापि तिच्या रचनेतच एक मर्यादा दडलेली आहे. आराखडा आधी तयार होतो आणि नागरिक नंतर येतो. तोही हरकतदार म्हणून. ज्याच्या भूखंडावर आरक्षण पडते, तो वकील घेऊन सुनावणीस उपस्थित राहतो. थांब्यावर तासभर बसची वाट पाहणाऱ्या कामगार स्त्रीच्या नावे मात्र कोणताही सर्व्हे नंबर नसतो. तिचे नुकसान वेळेचे असते आणि वेळेची नोंद सातबाऱ्यावर होत नाही.

मेट्रोच्या बाबतीत ही चौकट अधिकच आक्रसते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतील प्रकल्पांच्या यादीत रेल्वे व मेट्रो यांचा समावेश नाही. परिणामी त्या अधिसूचनेखालील जनसुनावणीही घ्यावी लागत नाही. पुण्यात मेट्रो उन्नत असावी की भुयारी, यावर अनेक वर्षे वाद झाला. नदीपात्रालगतच्या मार्गाचा प्रश्न तर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. बोलण्याची जागा वेळीच उपलब्ध नसली, की नागरिकाला न्यायासनाचे दार ठोठवावे लागते, असे म्हणणे वावगे ठरू नये. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या नागरी सहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत केवळ मत विचारण्याची पायरी मधल्या, नाममात्र सहभागाच्या गटात येते. आपली प्रक्रिया बहुधा तेथेच थांबते.

बीआरटीचा धडा

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रारंभ झाला. २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड येथील दोन्ही बससेवांचे एकत्रीकरण होऊन पीएमपीएमएल अस्तित्वात आली. पुढे अन्य रस्त्यांवरही बससाठी स्वतंत्र मार्गिका झाल्या. मात्र नगर रस्त्यावरील मार्गिका २०२३ पासून टप्प्याटप्प्याने काढण्यात आल्या. कोंडी व अपघात ही त्यामागची कारणे क्षुल्लक नव्हती. आक्षेप आहे तो निर्णयपद्धतीला. महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपलेली होती आणि कारभार प्रशासकांच्या हाती होता. ज्या प्रवाशांसाठी मार्गिका बांधली, त्यांचा प्रतिनिधीच निर्णयस्थानी नव्हता. उभारताना जिला ‘दीर्घकालीन’ म्हटले गेले, ती व्यवस्था मोडताना दीर्घ चर्चेची गरज भासू नये, ही विसंगती गंभीर आहे.

एक तुलना

याउलट प्रक्रियेचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील सिॲटल परिसराकडे पाहता येते. तेथे तीन परगण्यांच्या प्रादेशिक वाहतूक योजनेसाठी कर लावावयाचा असल्यास मतदारांची संमती घ्यावी लागते. २००७ मध्ये रस्ते व सार्वजनिक वाहतूक यांचा एकत्रित प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. २००८ मध्ये केवळ सार्वजनिक वाहतुकीचा प्रस्ताव पुन्हा मांडला गेला आणि संमत झाला. २०१६ मध्ये आणखी एका विस्तारास मान्यता मिळाली. हे प्रारूप निर्दोष नाही. मतदानाने खर्चवाढ टळत नाही. परंतु तेथे नकारालाही अर्थ असतो आणि नकारानंतर योजना बदलते. आपल्याकडे हरकत नोंदवली जाते. तिने काय बदलले, हे हरकतदाराला क्वचितच कळते.

समारोप

सार्वमताची पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे येथे सुचवावयाचे नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली असून तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींमधून येणे अपेक्षित आहे. ही समिती कागदावरून कामकाजात यावी. मार्गाची आखणी होण्यापूर्वी लोकांच्या गरजा विचारल्या जाव्यात आणि ही विचारणा सभागृहाइतकीच बसथांब्यावर व आगारात व्हावी. प्रत्येक सूचना स्वीकारण्याचे वा नाकारण्याचे कारण लेखी प्रसिद्ध व्हावे. तसेच एखादी सेवा बंद करतानाही ती सुरू करतानाइतकीच चर्चा बंधनकारक असावी. तीस वर्षांच्या आराखड्यात प्रवाशाला तीस दिवसांचा हरकतदार मानणे थांबल्याखेरीज लोकसहभाग हा शब्द प्रस्तावनेतून नियोजनात उतरणार नाही.