खोल जाणारे पाणी : मराठी मुलखातील जलविषयक चित्रपट व माहितीपट – एक आकलन

प्रास्ताविक

पाणी हा चित्रपटकलेचा आरंभापासूनचा आवडता विषय आहे. ते हलते, चमकते, प्रतिबिंब धरते. कॅमेऱ्याला हवे ते सर्व त्याच्याजवळ असते. मात्र विदर्भाच्या कोरडवाहू पट्ट्यातील प्रेक्षकाचा पाण्याशी असलेला संबंध सौंदर्याचा नसून उपलब्धतेचा आहे. दिग्रस परिसरातील विद्यार्थ्याने समुद्र बहुधा पडद्यावरच पाहिलेला असतो. पाण्याची वाट पाहणे मात्र त्याच्या घरचे असते. या प्रेक्षकाच्या दृष्टीने जलविषयक चित्रपटांकडे पाहिल्यास त्यांचे मूल्यमापन कसे बदलते, हे प्रस्तुत लेखात काही निवडक कलाकृतींच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. पाणी किती सुंदर दिसते यापेक्षा ते कोणाच्या वाट्याला येते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा येथे समीक्षेचा निकष मानला आहे.

विस्मयाचे पाणी आणि राष्ट्राचे पाणी

समुद्रपटांची जागतिक परंपरा प्रामुख्याने विस्मयाची आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या ‘मॅन ऑफ अरान’ (१९३४) मध्ये बेटावरील माणसे अजस्र लाटांशी झुंजताना दिसतात. प्रत्यक्षात त्यातील शार्कची शिकार त्या बेटांवरून कित्येक दशकांपूर्वीच नाहीशी झाली होती. चित्रीकरणासाठी ती रहिवाशांना नव्याने शिकवावी लागली. झाक कुस्तो व लुई माल यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ला १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. समुद्रतळाचे अद्भुत दर्शन घडविणाऱ्या याच माहितीपटात माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडविला जातो. समुद्रावर प्रेम करणाऱ्याचा हातही किती निष्ठुर असू शकतो, याची ही दृश्ये साक्ष देतात.

भारतीय कथापटात पाणी दीर्घकाळ राष्ट्रउभारणीचे प्रतीक होते. ‘मदर इंडिया’ (१९५७) ची सुरुवातच वृद्ध राधेच्या हस्ते कालव्याच्या उद्घाटनाने होते. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘दो बूँद पानी’ (१९७१) मध्ये राजस्थानचा कालवा हेच तहानलेल्या मुलखाचे भवितव्य ठरते. या चित्रपटांची श्रद्धा प्रामाणिक होती. परंतु कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचते का आणि धरणाच्या पोटात कोणाची गावे गेली, हे प्रश्न त्यांच्या चौकटीत बसणारे नव्हते.

ती चौकट आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांच्या ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) ने मोडली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली प्रथम जाणाऱ्या मणिबेलीसारख्या महाराष्ट्रातील गावांचा संघर्ष तो रोजनिशीच्या क्रमाने नोंदवितो. येथे पाणी वाढते आणि ते वाढणे हेच संकट असते. पुढे २०१७ मध्ये हा प्रकल्प पूर्ण उंचीने राष्ट्राला अर्पण झाला. त्यामुळे लढा चालू असताना चित्रित झालेला हा माहितीपट आज दस्तऐवज म्हणून अधिक मोलाचा ठरतो. निवेदनाचा उंच स्वर टाळून माणसांना स्वतः बोलू देणे, हे त्याचे बलस्थान होय.

अभावाचे चित्रण

पाण्याचा अभाव दाखविणे कॅमेऱ्याला अवघड जाते. नसलेली वस्तू दिसणार कशी? म्हणून भेगाळलेली जमीन, डोक्यावर हंडे घेतलेल्या स्त्रिया, आभाळाकडे लागलेले डोळे अशी ठरावीक चिन्हे वारंवार वापरली जातात. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चिन्हांपलीकडे जातो. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यानंतर अलका आपल्या पतीवर, किसनावर, नजर ठेवू लागते आणि लहानग्या दिनूलाही त्या कामी लावते. दुष्काळ येथे शेतात दिसतो त्याहून अधिक घरातल्या पाळतीत दिसतो. वऱ्हाडी शिवी शीर्षकात घेऊन दिग्दर्शकाने पावसाशी असलेले शेतकऱ्याचे रागलोभाचे नाते नेमके पकडले आहे. विनोद आणि भय एकाच प्रसंगात नांदू शकतात, हे या चित्रपटाने दाखवून दिले.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’मध्ये पाणी आहे, पण ते तहानेचे नाही. नचिकेत विहिरीत गेल्यानंतर समीर त्याचा शोध घेत राहतो. येथे विहीर मृत्यूविषयीचा प्रश्न होते. ही तात्त्विक उंची मान्य करूनही म्हणावे लागते की, भरलेल्या विहिरीचे रूपक सुचणे हाही एक प्रादेशिक अनुभव आहे. कोरड्या विहिरीच्या प्रदेशात रूपकाआधी रहाट आठवतो.

आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ २०१८ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. तो प्रदर्शित मात्र २०२४ मध्ये झाला. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या कार्यावर तो आधारित आहे. पाणी नसलेल्या गावात मुलगी कोण देणार, या रोकड्या प्रश्नावर कथा उभी असल्याने ती उपदेशपर होत नाही. परंतु यातून एक मर्यादाही निर्माण होते. एका तरुणाची जिद्द आणि गावाचे श्रमदान यांवर सारा भर पडल्याने सार्वजनिक व्यवस्थेची जबाबदारी कडेला राहते. विदर्भाच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्येच प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला होता. दिग्रसजवळ अरुणावतीवर धरण उभे आहे. अशा धरणाच्या परिसरातील वाचकाला पाणी अडविणे आणि पाणी वाटणे यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. श्रमदानाने पाणी अडते. वाटपाला मात्र धोरण लागते. आपल्या चित्रपटांचा कॅमेरा अडविण्यापाशी थांबतो.

समुद्राकडून परत शेताकडे

या पार्श्वभूमीवर सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ (२०२३) हा माहितीपट विशेष लक्ष वेधून घेतो. २०२३ च्या सनडान्स महोत्सवात परीक्षकांच्या विशेष पुरस्काराने गौरविलेल्या या कृतीत मुंबईचे दोन कोळी मित्र आहेत. राकेश चंद्र व भरती-ओहोटीचे वडिलोपार्जित ज्ञान प्रमाण मानून किनाऱ्यालगत मासेमारी करतो. स्कॉटलंडमध्ये शिकून आलेला गणेश कर्ज काढून खोल समुद्रात जातो आणि एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासळी गोळा करण्याच्या पद्धतीकडे वळतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारने या पद्धतीला मनाई केली होती. दिग्दर्शिका दोघांपैकी कोणालाही नायक वा खलनायक करीत नाही, हे या माहितीपटाचे यश आहे.

वरवर पाहता हा विषय यवतमाळपासून फार दूरचा वाटेल. वस्तुतः तो सर्वांत जवळचा आहे. किनाऱ्याजवळची मासळी आटली म्हणून बोट आत जाते. वरचे पाणी आटले म्हणून बोअर खाली जाते. दोन्हीकडे खोल जाण्यासाठी कर्ज काढावे लागते आणि एकाने खोल जाताच शेजाऱ्यालाही मागोमाग जावे लागते. दोन्हीकडे कायदा आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन घातले आहे. तरीही ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे, त्याला उद्याच्या साठ्याचा विचार परवडत नाही. सामाईक संपत्तीचा ऱ्हास माणसाच्या हावेपेक्षा त्याच्या अगतिकतेतून अधिक होतो, हे सत्य राकेश-गणेशच्या मैत्रीतील ताणातून कोणत्याही आकडेवारीशिवाय प्रतीत होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, जलविषयक चित्रपटाची गुणवत्ता त्यातील पाण्याच्या दृश्यांवर अवलंबून नसते. ‘गाभ्रीचा पाऊस’ने अभावाचे मन दाखविले, ‘अ नर्मदा डायरी’ने विकासाची किंमत दाखविली, ‘पाणी’ने सामूहिक श्रमाची शक्यता दाखविली. ‘अगेन्स्ट द टाइड’ने मात्र पाणी, कर्ज आणि शेजार यांची एकच गाठ दाखविली, म्हणून तो या सर्वांत अधिक दूरदर्शी ठरतो. भूगोल, अर्थशास्त्र व मराठी या तीनही विभागांनी हे चित्रपट विद्यार्थ्यांना एकत्रितपणे दाखवून त्यांवर चर्चा घडवून आणल्यास आंतरविद्याशाखीय अध्ययनाला आपल्याच मातीतील विषय मिळेल. कालव्याच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा चित्रपट मराठीत अजून पुरेशा ताकदीने आलेला नाही. तो आमच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याकडून यावा, अशी अपेक्षा बाळगणे अनाठायी होणार नाही.