रक्त नांदेडचं, आकडे कुणाचे?

मे-जून 2020मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 70 जिल्ह्यांत कोविडच्या प्रतिपिंडांचं सर्वेक्षण केलं. महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांत नांदेड होतं, शेजारचं लातूर नव्हतं. पाहणी म्हटली की काही जिल्हे सुटणारच. त्याला आमची हरकत नाही. परिषदेनं शोधनिबंध छापले, हेही मान्य. पण नांदेडवरून लातूरचा अंदाज बांधायचा, तर नुसती टक्केवारी पुरत नाही. पहिल्या फेरीतली एलायझा चाचणी पुण्यात विकसित झालेली. दुसऱ्या फेरीत चाचणीच बदलली. त्यात प्रतिपिंडं काळाबरोबर कमी होतात. मग प्रत्येक नमुन्यासोबत वय, तारीख आणि चाचणीची नोंद नसेल, तर बाहेरच्या संशोधकानं ताडून बघायचं कसं?

एप्रिल 2021मध्ये शेकडो शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना जाहीर आवाहन करून परिषदेकडची तपशीलवार माहिती मागितली. ऐन लाटेत ती मागावी लागली, हाच आमचा आक्षेप आहे. गोपनीयता हवीच. नावं काढा, गावाची ओळख झाका, माहिती घेणाऱ्याशी करार करा. पण कुलूप लावणं म्हणजे जपणं नव्हे. नांदेडकरांनी विश्वासानं दंड पुढे केला. त्याचा उपयोग शेजारच्या लातूरला तरी व्हायला हवा ना?