दिवाळीचा पाहुणा आणि आपले साहित्य

आश्विन-कार्तिकात आप्तांकडे जाणे-येणे हा विषय मराठी वाङ्मयाला नवा नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी आणि त्याचे वाचन यांची सांगड बसली आहे. तथापि ज्या सुट्टीत हे अंक वाचले जातात त्या सुट्टीतील मुख्य व्यक्ती, म्हणजे दुसऱ्याच्या घरी उतरलेला पाहुणा, आपल्या लेखनात कशी उमटली आहे याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां वाचकांना तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. कारण आपल्या घरातील मराठीचा वर्षभराचा जमाखर्च याच चार-आठ दिवसांत तपासला जातो.

या विषयाचा आरंभ जात्यावरील ओवीपासून करावा लागतो. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. या ओव्यांतून दिवाळीचा प्रवास पुनःपुन्हा भेटतो. सासरी नांदणारी मुलगी वाटेकडे डोळे लावून बसलेली असते, आणि तिला न्यायला भाऊ मुराळी होऊन येतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ओवी रचणारी बाई ही स्वतःच पाहुणी आहे. तिचे माहेरपण हा तिचा हक्क आहे, परंतु तो किती तकलादू आहे हेही ती पुरते ओळखून आहे. आई आहे तोवर माहेर. त्यानंतर घर भावजयीचे. म्हणून भावजयीच्या मुद्रेवरील लहानसा फरकसुद्धा ओवीच्या नजरेतून सुटत नाही. पाहुणचारातील गोडवा आणि त्याच्या पोटातील अवघडलेपण ही दोन्ही एका दमात सांगण्याचे सामर्थ्य ओवीत आहे. पुढील काळातील आपल्या सुशिक्षित लेखनाला ते क्वचितच साधले.

आगगाडी आली, गिरण्या आल्या, मुंबई वाढली आणि या प्रवासाची दिशा गुंतागुंतीची झाली. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला कोकणात जाऊ लागला. गावाकडील मंडळी कामानिमित्त, दुखण्यानिमित्त, नोकरीच्या शोधात मुंबईच्या खोलीत येऊन उतरू लागली. या जीवनाचे सर्वांत लोकप्रिय चित्र पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने १९५८ साली दिले. मुंबईहून पुण्याला जाणे हे केवढे दिग्विजयाचे कृत्य ठरू शकते, हे ‘भ्रमणमंडळा’त वाचताना हसू आवरत नाही. परंतु पु. लं.चे खरे यश मला अखेरच्या चिंतनात दिसते. तेथे विनोद मागे सरतो, आणि एकमेकांच्या संसारात नको तितके डोकावणाऱ्या माणसांची ती सलगी आता परत मिळणार नाही, ही जाणीव पुढे येते. ज्या दाटीची आपण आतापर्यंत थट्टा केली, तिच्यातच आपल्या मनाची ऊब होती, असे हे चिंतन सांगते.

खेदाची गोष्ट अशी की, पु. लं.च्या मागून आलेल्यांनी त्यांचे हसू उचलले आणि चिंतन सोडून दिले. त्यामुळे विनोदी लेखनात ‘पाहुणा’ हा एक ठराविक नमुना होऊन बसला. तो अवेळी येतो, वर्तमानपत्र आधी पळवितो, गरम पाणी संपवितो आणि परतीचे तिकीट काढण्याचे नाव घेत नाही. ही थट्टा सर्वस्वी यजमानाच्या बाजूने केलेली असते. पाहुण्यालाही एक मन आहे. अनोळखी घरात पहाटे जाग आली असता आवाज न करता पडून राहावे की उठून चहाचे आधण ठेवावे, असा पेच त्यालाही पडतो, याची दखल या लेखनात नसते. ओवीने जी जागा पाहुणीला दिली होती, ती येथे यजमानाने बळकावली आहे.

याला सन्मान्य अपवाद म्हणून प्रकाश संतांचे नाव घ्यावे लागेल. १९९४ साली ‘वनवास’ प्रसिद्ध झाले आणि लंपन हा मुलगा मराठी वाचकांच्या घरचा झाला. तो बेळगावकडील मुलखात आजी-आजोबांजवळ वाढतो. आईवडील दुसऱ्या गावी. म्हणजे ज्या घरी तो राहतो ते एका अर्थी आजोळ आहे, आणि जे घर त्याचे म्हणावयाचे तेथे तो पाहुण्यासारखा जातो. या उलटापालटीचे दुःख संतांनी कोठेही बोलून दाखविले नाही. ते लंपनच्या चमत्कारिक शब्दांत आणि कानडीचा वास असलेल्या त्या बोलीत आपोआप मुरलेले आहे. ‘घर कोणते?’ हा प्रश्न सीमेवरील मुलाला पडला, आणि तो मराठीत इतक्या नाजूकपणे मांडला गेला, हा योगायोग खचित नव्हे. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहणाऱ्यालाच घराचे दार नीट दिसते.

आता आपल्या शहराकडे वळू. बंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरम हे पूर्वी गावाबाहेरचे ठिकाण होते. १९४८ साली जवळच इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना निघाला, दूरवाणीनगर वसले; पुढे व्हाइटफील्डकडे संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. २०२३च्या मार्चमध्ये व्हाइटफील्ड ते के. आर. पुरम अशी मेट्रो सुरू झाली, आणि ऑक्टोबरमध्ये बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा राहिलेला तुकडा जोडला जाऊन ती थेट शहराच्या पोटातून धावू लागली. टिन फॅक्टरीच्या चौकातील वाहनांचा तुंबारा मात्र तिने संपविलेला नाही. या भागातील उंच इमारतींतून पुणे, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर येथून आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. त्यांच्याकडे शरदाच्या सुट्टीत जो पाहुणा येतो तो माहेरवाशीण नव्हे, नोकरी शोधणारा पुतण्याही नव्हे. ते असतात घरच्या कर्त्या मुलाचे किंवा मुलीचे आईवडील.

हा प्रवास आपल्या साहित्याने अद्याप धड पाहिलेला नाही, असे माझे मत आहे. त्याची प्रत्येक पायरी पाहण्यासारखी आहे. पूर्वी मुराळी येई. आता आगगाडीचे आरक्षण येते. २०२४च्या नोव्हेंबरपासून ते १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे दिवाळीला जावयाचे की नाही हे श्रावण-भाद्रपदातच ठरवावे लागते. त्यातही एक मौजेची अडचण आहे. कर्नाटकातील राज्य मंडळाच्या शाळांना मधली मोठी सुट्टी दसऱ्याला असते, महाराष्ट्रात ती दिवाळीला. दसऱ्यापासून दिवाळी वीस दिवसांवर. इकडची नातवंडे मोकळी असतात तेव्हा तिकडची परीक्षेला बसलेली, आणि तिकडची मोकळी होतात तेव्हा इकडे शाळा भरलेली. चुलत-आते भावंडांची सुट्टी एकत्र जमत नाही. म्हणून आजी-आजोबांनाच उठून एकदा इकडे आणि एकदा तिकडे जावे लागते. एका भाषेचे कुटुंब दोन राज्यांच्या दिनदर्शिकांत कसे विभागले जाते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

आणि आल्यावर काय घडते? ओवीतील भावजय येथे सून होऊन पुढे येते, आणि जुनी सासू पाहुणी होते. जिच्या स्वयंपाकघरात सुनेने एके काळी विचारून डबा उघडला, ती आता सुनेला विचारून डबा उघडते. भूमिकांची ही अदलाबदल दोघींनाही कळते. दोघीही ती बोलून दाखवीत नाहीत. आजीला बाजारात ‘सोप्पु’ म्हणजे पालेभाजी हे दोन दिवसांत समजते. येथे ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ आपल्यासारखेच आहेत, चकलीला ‘चक्कुली’ आणि करंजीला ‘कर्जिकायी’ म्हणतात, याचा तिला आनंद होतो. आयुधपूजेच्या दिवशी रस्त्यावर फोडलेले कोहळे पाहून ती थबकते. शमीला येथे ‘बन्नी’ म्हणतात हे ऐकून आपट्याच्या पानांची आठवण सांगते. परक्या मुलखाशी तिचे जुळते. जुळत नाही ते नातवाशी. तो तिचे बोलणे समजतो, उत्तर मात्र इंग्रजीत देतो. किंवा देतच नाही, नुसती मान हालवितो. भाजीवालीशी जिला अर्ध्या कानडीत गप्पा मारता येतात, तिला घरात दुभाषा लागतो.

मी ज्याला खरा विषय म्हणतो तो हा. परंतु आपल्या कथा त्याच्या जवळ येऊन बाजूला वळतात. त्यांचे दोन साचे ठरून गेले आहेत. पहिल्या साच्यात मुलगा-सून निष्ठुर असतात, म्हातारी खिडकीत बसून गावाकडचा पारिजातक आठवते, आणि शेवटी मुकाट्याने परत जाते. दुसऱ्या साच्यात सर्व काही मंगल असते; आजीच्या हातच्या अनारशांनी नातवाचे हृदयपरिवर्तन होते. दोन्ही साचे खोटे आहेत, कारण दोहोंतही कोणाला काही शिकावे लागत नाही. प्रत्यक्षात सून निष्ठुर नसते; ती दिवसाचे दोन तास वाहनांच्या गर्दीत घालवून थकलेली असते. आणि अनारसा कितीही जाळीदार झाला तरी त्याने भाषा येत नाही. ती येण्यास रोजचे बोलणे लागते, आणि पाहुणा तर आठ दिवसांचा.

या चुकीच्या मुळाशी एक समजूत आहे असे मला वाटते. आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांना रजाप्रवासाच्या सवलतीसाठी आपले मूळ गाव कोणते हे लिहून द्यावे लागते, आणि एकदा दिलेले गाव साऱ्या नोकरीत फार तर एकदाच बदलता येते. सरकारी दप्तराला एकच गाव हवे असते, आणि दप्तराच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु आपल्या कथालेखकांनीही हाच तक्ता भरावयास घेतला आहे. त्यांच्या पात्राचे मूळ गाव एकच, ते महाराष्ट्रात, आणि सगळा जिव्हाळा तेथे जमा. बंगळूर म्हणजे केवळ खर्चाची बाजू. त्यामुळे के. आर. पुरमच्या घरात घडणारी कथासुद्धा मनाने साताऱ्यात घडते. यजमान स्वतःच जेथे पाहुण्यासारखा वागतो, तेथे पाहुण्याचे स्वागत कोण करणार?

याच शहराशी निगडित असलेला एक जुना ग्रंथ या बाबतीत आपल्याहून उदार होता. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांकडे आले. त्यांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे, १९२२ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. जयराम हा दूरवरून आलेला पाहुणा. त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले, आणि बारा भाषांत आपण काव्य करू शकतो, असा त्यांचा अर्थ सांगितला. यातील कवीची प्रौढी सोडून देऊ. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, बंगळूरच्या मराठी दरबारात पाहुण्याने मांडलेली भेट भाषांची होती, आणि ती ऐकून घेणारा यजमान तेथे बसला होता. मराठी, संस्कृत, कानडी यांपैकी एकीला घरची ठरवून बाकीच्यांना दाराबाहेर उभे करण्याची गरज त्या सभेला वाटली नाही.

यावर कोणी म्हणेल की, साहित्याने असले प्रश्न सोडवावयाचे नसतात. नातवाची मराठी हा शाळेचा किंवा आईबापांचा प्रश्न आहे. आक्षेप रास्त आहे. कथेने मराठी शिकवावी असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, कथेने पाहावे. ज्या घरात तीन पिढ्या एका टेबलाशी बसल्या असून तिघांची भाषा तीन तऱ्हेची आहे, त्या घरातील शांततेचे अचूक वर्णन करण्याचे काम साहित्याखेरीज कोणाचे आहे? ओवीने भावजयीची मुद्रा पाहिली, संतांनी लंपनचा गोंधळ पाहिला. कोणीही उपदेश केला नाही, तरी आपण त्यांतून आपल्या घराविषयी काही शिकलो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी लेखकाला पुण्या-मुंबईच्या लेखकाहून एक लाभ अधिक आहे. मराठी ही तेथे हवेसारखी आहे, म्हणून जाणवत नाही. येथे ती पाण्यासारखी भरून ठेवावी लागते, म्हणून तिचा प्रत्येक तांब्या मोजला जातो. हा लाभ आपण स्मरणरंजनात दवडीत आहोत. आपल्या पुढील दिवाळी अंकासाठी जे कथा लिहावयास बसतील, त्यांनी पारिजातक थोडा बाजूला ठेवावा आणि आपल्याच घरी आलेल्या त्या दोन वृद्ध पाहुण्यांकडे, त्यांना टाळून खेळत बसलेल्या मुलाकडे आणि मधल्या मध्ये अर्थ सांगत दमलेल्या सुनेकडे पाहावे. तेथे निष्ठुर कोणी नाही, देव कोणी नाही. तेथे एक भाषा एका पिढीकडून दुसरीकडे जाता जाता उंबरठ्यावर थांबलेली आहे. ती आत येते की परतीच्या गाडीने निघून जाते, हे जो लेखक शेवटपर्यंत पाहील, त्याच्या कथेची वाट आमच्यासारखे वाचक पाहत आहेत.