शिंगरू, शोक आणि श्रोता

बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडले, असे येथील जुनी माणसे सांगतात. दूरच्या पल्ल्याला निघालेले स्वार या ठिकाणी थकलेली जनावरे सोडून ताजी घेत असत म्हणे. व्युत्पत्तिशास्त्र या कथेला कितपत मान्यता देईल हा प्रश्न निराळा. परंतु या कथेत घोडा म्हणजे बदलून घ्यायची वस्तू आहे, ही गोष्ट मला अलीकडे बोचू लागली आहे. कारण येथेच, उल्हास नदीच्या अलीकडे, दोन घोड्या पाळणारा एक गृहस्थ माझ्या परिचयाचा आहे. लग्नसराईत त्याच्या घोड्या उल्हासनगर-अंबरनाथच्या वरातींना जातात आणि उरलेल्या वर्षात तो त्यांची शिंगरे वाढवण्याचे स्वप्न पाहतो. त्याच्या एका शिंगराच्या मृत्यूने मला काही पुस्तके पुन्हा वाचायला लावली. त्या वाचनाचा हा वृत्तांत.

प्रथम घटना सांगतो. घोडी अकरा महिने गाभण असते आणि बहुधा एकच शिंगरू देते. म्हणजे दोन घोड्यांच्या मालकाची सारी आशा वर्षभर एका पोटावर लागलेली असते. शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभे राहिले पाहिजे आणि पहिल्या काही तासांतच त्याच्या पोटात आईचा चीक गेला पाहिजे. आईच्या उदरात असताना रोगाशी झुंजण्याची शक्ती त्याला मिळत नाही. ती चिकातून मिळते, आणि एका दिवसानंतर ते दारही बंद होते. या घोडीचे ते पहिलेच बाळंतपण. तिने शिंगराला कासेला लागू दिले नाही. मालक त्या रात्री वरातीला गेलेला होता. पाचव्या दिवशी सांधे सुजून ते शिंगरू गेले.

आठवड्याने तो माझ्याकडे आला. खिशातून दोन नोटा काढून म्हणाला, “फादर, एक मिस्सा ठेवता येईल का? नाव काही ठेवलं नव्हतं त्याचं.” मी त्याला समजावून सांगितले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत प्राण्यांवर प्रेम करण्यास मुभा आहे, त्यांना निष्कारण यातना देणे मनुष्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असेही म्हटले आहे. मात्र जी माया केवळ माणसांचा हक्क आहे ती प्राण्यांकडे वळवू नये, अशी मर्यादाही तेथेच घातली आहे. माझे सांगणे तंतोतंत बरोबर होते. त्याने नोटा परत खिशात ठेवल्या, “बरंय फादर” म्हणाला आणि गेला.

त्या रात्री मला अंतोन चेखवची ‘तोस्का’ ही १८८६ सालची कथा आठवली. पीटर्सबर्गचा बर्फ, आयोना नावाचा घोडागाडीवाला, त्याच आठवड्यात वारलेला त्याचा तरुण मुलगा. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगू पाहतो. लष्करी अधिकारी, तीन दंगेखोर तरुण, एक दरवान, सोबतीचा गाडीवान. कोणालाच ऐकायचे नाही. शेवटी तबेल्यात जाऊन तो आपल्या घोडीलाच सारे सांगतो. आणि तिला कळावे म्हणून तिच्याच भाषेत सांगतो की, समज, तुला एक शिंगरू असते आणि ते एकाएकी गेले असते, तर तुला दुःख झाले असते ना?

या कथेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेकांचे लक्ष ऐकणाऱ्यांच्या निष्ठुरतेकडे जाते आणि घोडी ही निव्वळ शेवटचा उपाय ठरते. माझे मत थोडे निराळे आहे. आयोना माणसाच्या मरणाला शिंगराच्या मरणाचे माप लावतो, आणि हे माप लावताना त्याला क्षणभरही संकोच होत नाही. माया मुळात एकच आहे, तिची उतरंड मागाहून लावली जाते, हे त्या अडाणी गाडीवानाला ठाऊक आहे. चेखवने कथेच्या माथ्यावर दिलेली ओळ योसेफाच्या विलापाच्या एका धार्मिक गीतातील आहे. आपले दुःख कोणाला सांगू, असा तिचा आशय. प्रार्थनेच्या या प्रश्नाला कथेत उत्तर मिळते ते तबेल्यात. पाळकाच्या दारात नव्हे. आता वाचताना त्या अधिकाऱ्याच्या जागी मला माझा झगा दिसला.

दुसरे पुस्तक जॉन स्टाइनबेकचे ‘द रेड पोनी’ (१९३७). जोडी नावाच्या मुलाला वडील एक लालसर शिंगरू आणून देतात. पावसात भिजून त्याच्या घशात गळवे होतात आणि अखेर ते कुरणात जाऊन मरते. पुढच्या एका कथेत जोडीला दुसरे शिंगरू मिळावे म्हणून नेली ही घोडी गाभण राहते. पोटातले पिल्लू आडवे येते, तेव्हा गडी बिली बक घोडीला हातोड्याने मारून तिच्या पोटातून जिवंत पिल्लू बाहेर काढतो. शालेय अभ्यासक्रमांतून हे पुस्तक ‘बालपण संपण्याची कथा’ म्हणून शिकवले जाते. हे वाचन चूक नाही, पण सोयीचे आहे. शिंगराचे मरण म्हणजे मुलाला शहाणपण देण्यासाठी लेखकाने वापरलेले साधन, असा त्याचा अर्थ होतो. शिंगरू मेले, मुलगा मोठा झाला, हिशेब मिटला!

मला वाटते, या पुस्तकाचा खरा नायक बिली बक आहे. त्या पंचक्रोशीत घोड्यांचे ज्ञान त्याच्याइतके कोणाला नाही. पाऊस येणार नाही, असे तोच सांगतो. आलाच तर शिंगराला आत घेईन, असा शब्दही तोच देतो. पाऊस येतो आणि बिली तेथे नसतो. (पावसाच्या बाबतीत शब्द देणारा माणूस आमच्या बदलापूरकरांनी ऐकूनच घेतला नसता, २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला आहे ते आभाळाची हमी घेत नाहीत.) जाणकाराचा शब्द खोटा पडणे, आणि तो शब्द ज्याला दिला त्या मुलाने ते पाहणे, ही या कथेतील खरी जखम. नेलीचा प्रसंग त्याच जखमेवरचा आहे. बिलीला दुसरा शब्द मोडायचा नाही आणि त्यासाठी तो जिवंत घोडीची किंमत मोजतो. स्टाइनबेक त्याला दोष देत नाही आणि क्षमाही करीत नाही. या प्रसंगाची क्रूरता काही वाचकांना असह्य होते. मला ती प्रामाणिक वाटते. जनावरे वाढवणाऱ्याच्या हातून प्रेमापोटीच रक्त सांडते, हे आम्ही पांढरपेशे लोक विसरलो आहोत.

मराठीकडे वळावे तर हाती फारसे लागत नाही. आमच्या भाषेत ‘घोडामैदान’ आहे, ‘वरातीमागून घोडे’ आहे. बखरी आणि पोवाडे टापांनी दुमदुमत आहेत. परंतु तो घोडा स्वाराच्या मांडीखालचा. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टांनी मराठ्यांची दौड वाहिली, पण त्या तट्टांना जन्मापासून वाढवणारा, त्यांच्यापुढे तोबरा धरणारा माणूस साहित्यात क्वचितच दिसतो. सारंगखेड्याच्या बाजारात शिंगरू विकून परतणाऱ्याच्या मनात काय चालते, यावर एखादी कादंबरी व्हायला हवी होती.

जवळचे नाते सांगणारी कादंबरी आहे ती आनंद यादव यांची ‘गोतावळा’ (१९७१). नारबा हा शेतावरचा गडी. त्याला लग्न नाही, घर नाही. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि हा गोतावळा उठू लागतो. कोल्हापूरकडच्या बोलीत, नारबाच्याच तोंडून ही कहाणी येते आणि त्या बोलीत जनावरांविषयीची जवळीक अशी काही मुरलेली आहे की प्रमाणभाषेत ती सांगताच आली नसती. एक उणीव मात्र जाणवते. काही ठिकाणी नारबाच्या बोलण्यात यादवांमधला कवी डोकावतो. प्रतिमा इतक्या दाट होतात की गड्याचे डोळे बाजूला राहून लेखकाची नजर पुढे येते. तरीही एक गोष्ट या कादंबरीने निर्विवाद सिद्ध केली आहे. जनावर ज्याच्या मालकीचे असते आणि जनावर ज्याचे असते, ती दोन निराळी माणसे असू शकतात.

हाच भेद शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्ट्याने दावीद राजापुढे मांडला होता. गरिबाचे एकुलते कोकरू त्याच्या ताटात खाई, त्याच्या कुशीत निजे, त्याला ते मुलीसारखे होते. आणि श्रीमंताने ते पाहुण्यासाठी कापले. सेमिनरीत आम्ही हा उतारा शिकलो तेव्हा कोकरू म्हणजे बथशेबा, श्रीमंत म्हणजे दावीद, असे समीकरण वहीत लिहून पुढे सरकलो. कोकरू तेथेच राहिले. वास्तविक नाथानाचा दृष्टान्त चालतो तो दावीद मूळचा मेंढपाळ होता म्हणून. कोकरावर लेकीसारखी माया करता येते, हे त्याला पटते. म्हणून तर तो संतापतो. ‘ती माया माणसांसाठी राखून ठेव’ असे तो त्या गरिबाला सांगत नाही.

शुभवर्तमानातही एक शिंगरू आहे. झावळ्यांच्या रविवारी आपण त्याच्याविषयी ऐकतो आणि विसरतो. मत्तय त्याच्यासोबत त्याच्या आईचाही उल्लेख करतो. मार्क आणखी एक बारीक गोष्ट नोंदवतो: प्रभूला याची गरज आहे, आणि तो ते लगेच परत पाठवील, असे सांगायला शिष्यांना बजावले होते. कोणा लहान माणसाच्या दारात बांधलेले ते जनावर होते, याची जाणीव त्या निरोपात आहे.

गेल्या महिन्यात मी त्या गृहस्थाच्या तबेल्यात गेलो. तो घोडीला खरारा करीत होता. मी माझ्या त्या दिवसाच्या उत्तराबद्दल काही बोलू लागलो तर त्याने ते हसून बाजूला सारले. मग त्याला स्टाइनबेकची गोष्ट सांगितली. घोडी मारून पिल्लू वाचवले, येथपर्यंत तो हात न थांबवता ऐकत होता. तेथे थांबला.

“आणि चीक, फादर? मेलेल्या घोडीचा काढून घेतला का त्यांनी?”

मी म्हणालो, बिली त्या मुलाला पिल्लू पुसून कोरडे करायला सांगतो, हाताने दूध पाजावे लागेल म्हणतो. चिकाचे पुस्तकात काही नाही. त्यानंतरच्या कथेत त्या शिंगराचा उल्लेखही नाही.

“मग ते जगलं नसणार,” तो म्हणाला, आणि पुन्हा खरारा करू लागला.