तक्त्यावरचा त्रिकोण

बालवाडीच्या भिंतीवर आकारांचा तक्ता हमखास असतो. त्यातला त्रिकोण नेहमी समभुज आणि पायावर सरळ बसलेला, चौरसही तसाच. एका बालवाडीत मी पुठ्ठ्याचा चौरस कोपऱ्यावर उभा धरला, तेव्हा मुले एका सुरात म्हणाली, ‘शंकरपाळी!’ दोष मुलांचा नव्हता. हॉलंडमधील व्हॅन हिले या शिक्षक दांपत्याने १९५७ साली दाखवून दिले, की सुरुवातीला मूल आकार ओळखते ते एकंदर रूपावरून. बाजू व कोन यांचा विचार नंतर येतो. एकच रूप दाखवले, तर तेच मनात ठसते.

बालोद्यानाचे जनक फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी मुलांच्या हाती लाकडी गोल, नळकांडे आणि घन दिला. दोऱ्याला टांगून गरगर फिरवला, की घन नळकांड्यासारखा दिसतो! पुढे अनुयायांनी या खेळाची कवायत केली, हे खरे. पण आकार फिरवून पाहावा, हे सूत्र आजही खरे आहे.

त्यासाठी महागडे साहित्य नको. चौरस कागद कर्णावर कापा. त्या दोन तुकड्यांतून मुले चौरस, मोठा त्रिकोण आणि समांतरभुज चौकोन स्वतःच जुळवतील. मातीचा गोळा थापून भाकरी केली, की चेंडू आणि चकती यांतला फरक बोटांना कळतो.

सातवीत तिरक्या त्रिकोणाचा पाया दाखवताना अडखळणाऱ्या मुलाला आपण ‘कच्चा’ ठरवतो. तो कच्चेपणा कदाचित बालवाडीच्या भिंतीवरूनच आलेला असेल.