लामूचा निवाडा : ऐकणे म्हणजे काय?

न्यायालयांचे निवाडे वाङ्मय म्हणून वाचण्याची आपल्याकडे प्रथा नाही. तथापि केनियाच्या राष्ट्रीय पर्यावरण न्यायाधिकरणाने २६ जून २०१९ रोजी दिलेला निवाडा पाळकांनी व धर्मशिक्षकांनी अवश्य वाचावा असे मला वाटते. आणि वाचून त्याच्याशी थोडे भांडावेही.

हकिगत थोडक्यात अशी. लामू बेटावरील जुने स्वाहिली नगर २००१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्याच लामू परगण्यात, मुख्य भूमीवर क्वासासी येथे, १०५० मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र उभारण्याचा घाट अमू पॉवर कंपनीने घातला. सेंटम इन्व्हेस्टमेंट व गल्फ एनर्जी या खाजगी उद्योगांचा हा संघ. खर्च सुमारे दोनशे कोटी डॉलर. कोळसा प्रथम दक्षिण आफ्रिकेतून जहाजाने यावयाचा. सरकारी पर्यावरण प्राधिकरणाने २०१६ मध्ये परवाना दिला. ‘सेव्ह लामू’ ही स्थानिक संघटना व काही रहिवासी यांनी दाद मागितली, आणि परवाना रद्द झाला.

सभा झाल्याच नाहीत, असे न्यायाधिकरण म्हणत नाही. सभा झाल्या, परंतु त्या अभ्यासाआधीच्या, केवळ परिचयाच्या. धूर किती निघेल, राख कोठे टाकली जाईल, मासळीचे काय होईल, हे ज्या अहवालात मांडावयाचे, तो तयार झाल्यावर लोकांपुढे नीट ठेवून त्यांचे म्हणणे घेतलेच गेले नाही. लोकसहभाग हा अशा अभ्यासाचा प्राणवायू होय, त्याच्यावाचून अहवाल कितीही जाडजूड असला तरी मृतजातच, अशी उपमा निवाड्यात आली आहे. धुराच्या खटल्यात प्राणवायूची उपमा सहज सुचली असेल. पण ती शोभेची नाही. उत्तर ठरण्याआधी विचारणे आणि ठरल्यावर कळविणे यांतील अंतर तिने नेमके पकडले आहे. (मंडळीच्या सभेचे इतिवृत्त लिहिताना ‘सर्वांशी विचारविनिमय झाला’ हे वाक्य आपणही किती सहजपणे टाकतो!)

माझा आक्षेप पुढे आहे. न्यायाधिकरणाने कंपनीला नवा अभ्यास करून पुन्हा येण्याची वाट मोकळी ठेवली. २०१६ च्या हवामानबदलविषयक कायद्याची उपेक्षा झाली, हा दोष त्याने दाखविला खरा. परंतु कोळसा जाळावा की नाही, हा प्रश्न त्याने सोडविला नाही. कायद्याच्या दृष्टीने हा संयम योग्यच म्हणावा लागेल. पण आपण ‘लोकांचे ऐकले’ हीच न्यायाची परिसीमा मानू लागलो, तर अडचण उभी राहते. समजा, सर्व सभा यथासांग झाल्या असत्या आणि नोकऱ्यांच्या आशेने बहुसंख्यांनी होकार दिला असता, तर? त्या किनाऱ्यावर अजून न जन्मलेल्यांचे म्हणणे कोणत्या सभेत नोंदले गेले असते? सृष्टीच्या धर्मविवेचनात संमतीला स्थान आहे, पण ती सृष्टीची मालकी देत नाही. हा भेद निवाड्यात नाही. तो तेथे शोधणेही अन्यायाचे. तो मांडणे हे धर्मशास्त्राचे काम होते, आणि आपल्या लेखनात तो अभावानेच आढळतो.

२०२० मध्ये चीनच्या एका मोठ्या बँकेने प्रकल्पातून अंग काढून घेतले. २०२५ साली मालिंदी येथील न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. क्वासासीला वीजकेंद्र उभे राहिले नाही.