दुर्मीळ शब्दाचे वजन

पुस्तकाच्या शेवटी दिलेली शब्दसूची आपण सर्वांनी वापरली आहे. संगणकही तेच करतो. दर वेळी सगळे लेख वाचत बसण्याऐवजी 'कोणता शब्द कोणत्या लेखांत' ही सूची तो आधीच करून ठेवतो. पण सापडलेल्या लेखांपैकी वर कोणता ठेवायचा? केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली 'जर्नल ऑफ डॉक्युमेंटेशन'मध्ये एक उत्तर सुचवले: जो शब्द थोड्याच लेखांत येतो, त्याला अधिक वजन द्या.

समजा, १०२४ लेख आहेत आणि 'पाणी' हा शब्द ५१२ लेखांत येतो. १०२४ ची एकदा निमपट केली की ५१२ येतात, म्हणून वजन १. 'केशाकर्षण' फक्त ४ लेखांत येतो. तिथवर पोहोचायला आठ वेळा निमपट करावी लागते, म्हणून वजन ८. इतकी साधी ही कल्पना शोधयंत्रांत आजही उपयोगात आहे.

आमचा आक्षेप तिच्यावर नाही. ती मराठीला जशीच्या तशी लावण्यावर आहे. समजा, 'पाण्याखालून' ४ लेखांत आला. संगणकाच्या लेखी तो वेगळाच शब्द. त्यालाही वजन ८! उलट, 'पाणी' शोधणाऱ्याला हे लेख दिसतीलच असे नाही. इंग्रजी शब्दांचे प्रत्यय काढण्याची रीत ज्युली लव्हिन्स यांनी १९६८ मध्येच मांडली होती. मराठीत नुसता प्रत्यय तोडून भागत नाही. 'पाण्या' या सामान्यरूपावरून 'पाणी'पर्यंत यावे लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या प्रणाली मजकुराचे शेकडो संख्यांच्या यादीत रूपांतर करतात. त्यामुळे 'जल' आणि 'पाणी' जवळ येतात. हे पाऊल मोठे खरेच. मात्र अशा कोट्यवधी याद्या एकेक करून तपासणे परवडत नाही, म्हणून एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणारी सूची वापरतात. ती जलद असते. पण सर्वांत जवळचा लेख हमखास देईलच असे नाही. नेमके नाव किंवा क्रमांक हवा असेल, तर जुनी शब्दसूचीच अधिक भरवशाची. म्हणून अनेक ठिकाणी दोन्ही एकत्र वापरतात.

'यंत्राला सापडले नाही, म्हणजे मराठीत माहितीच नाही,' असे विद्यार्थी म्हणाला तर त्याला थांबवायला हवे. न सापडणे आणि नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका धड्याची शब्दसूची वर्गात हाताने करून पाहा. 'पाण्यात', 'पाण्याचा', 'पाण्याखालून' यांची एकच नोंद करायची की तीन, यावर वाद होईल. तो होऊ द्यावा. सूची म्हणजे कुणीतरी घेतलेले निर्णय असतात, हे मुलांना त्यातूनच कळेल.